स्टॉलवर कोण उभं होतं?

विज्ञानप्रसाराचा इतिहास हा माझा विषय आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे नेमकं काय शोधता?" नेट-सेटची तयारी करणारे, पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसलेले विद्यार्थी तर हा प्रश्न हमखास विचारतात, कारण त्यांनाही स्वतःच्या विषयाबद्दल तो कुणीतरी विचारलेला असतो. व्याख्या देण्यापेक्षा आज एक साधी गोष्ट घेऊ. विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यात व्हरांड्यात जी टेबलं मांडलेली असतात ना, त्यांचा इतिहास लिहायचा म्हटलं तर कसा लिहाल?

मेळावा तालुक्याचा असो की राज्याचा, चित्र साधारण सारखंच. आत हॉलमध्ये दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं. बाहेर कापड घातलेली टेबलं, मागे बॅनर. एखादी संस्था, एखादं विज्ञान केंद्र, एखादं विद्यापीठ आपलं साहित्य घेऊन आलेलं. टेबलामागे दोघं-तिघं उभी. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत तेच प्रयोग, तेच बोलणं. मग काही दिवसांनी अहवाल निघतो. त्यात उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, किती शिक्षकांनी भेट दिली, कोणते ठराव झाले हे सगळं असतं. टेबलामागे कोण होतं आणि त्यांचं-शिक्षकांचं काय बोलणं झालं, हे नसतं.

माझं म्हणणं असं आहे की विज्ञान शिक्षणाच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग बऱ्याचदा याच न लिहिलेल्या बोलण्यात घडला. आणि ज्या उपक्रमांनी हे बोलणं परत येण्याची काही वाट बांधून ठेवली, तेवढ्यांचाच इतिहास आज आपल्याला नीट लिहिता येतो. बाकीच्यांचे फक्त आकडे उरले.

आधी जे लिहिलं गेलं ते पाहू. मुलांची राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनं एनसीईआरटी १९७१ पासून भरवत आली आहे. त्याखाली राज्य, जिल्हा, तालुका अशी उतरंड. महाराष्ट्रात राज्य प्रदर्शनाच्या कामात नागपूरच्या राज्य विज्ञान शिक्षण संस्थेचं नाव सतत येतं. तालुक्याच्या प्रदर्शनात विद्यार्थ्यांचे गट असतात, शिक्षकांच्या शैक्षणिक साहित्याचा गट असतो आणि आणखी एक गट असतो ज्याच्याकडे संशोधक सहसा बघतच नाहीत : प्रयोगशाळा सहायक आणि परिचरांचा. निकालाच्या यादीत तो अगदी तळाशी असतो. पण शाळेच्या प्रयोगशाळेत ज्या माणसाच्या हातून परीक्षानळ्या धुतल्या जातात, ॲसिड पातळ केलं जातं, बिघडलेला अमीटर चालू होतो, त्याचं नाव सरकारी कागदावर येण्याच्या ज्या थोड्या जागा आहेत त्यातली ही एक. अशी यादी हाती लागली तर तळापासून वाचायला सुरुवात करा.

दुसरा कागद म्हणजे शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर. हसू नका, माझ्या कामात या रजिस्टरनं जेवढं दिलं तेवढं कुठल्याही धोरणपत्रानं दिलेलं नाही. १९८७ मध्ये केंद्राची 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' योजना आली, आपल्याकडे तिला खडू-फळा मोहीम म्हणतात. प्राथमिक शाळांना ज्या वस्तू द्यायच्या होत्या त्यांत विज्ञानाचं किट होतं, गणिताचं होतं, छोट्या हत्यारांची पेटीही होती. त्याआधी युनिसेफच्या मदतीनंही किटं तयार झाली होती. आता रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं "किट १, सुस्थितीत" अशी नोंद दिसली की अधिकाऱ्याला समाधान वाटतं. इतिहासकारानं मात्र सावध व्हावं. मुलांच्या हातात पडलेलं किट दहा वर्षं सुस्थितीत राहात नाही. भिंग फुटलं तर भरपाई कोण करणार, या धास्तीनं पेटी कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे राहिली, ही गोष्ट निवृत्त शिक्षक स्वतःच सांगतात. वस्तू शाळेपर्यंत पोचली, पण तिच्यासोबत ती उघडून दाखवणारा आणि 'मोडली तरी चालेल' म्हणणारा माणूस पोचला नाही. स्टॉलवरच्या माणसाचा विषय इथं सुरू होतो.

आता एक उपक्रम असा घेऊ, जिथं हा माणूस पोचला होता. त्यासाठी थोडं लांब जावं लागेल, पण वाट मुंबईतून जाते आणि शेवटी विदर्भाशी तिचा जुना संबंधही आहे.

१९६० च्या दशकात अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेनं भौतिकशास्त्राचा एक अभ्यासगट नेमला. डेहराडूनच्या डून स्कूलमधले शिक्षक बी. जी. पित्रे त्याचे प्रमुख. या गटानं प्रयोगांतून भौतिकशास्त्र शिकवायचा अभ्यासक्रम तयार केला. गंमत बघा, हा सगळा खटाटोप झाला श्रीमंतांच्या निवासी शाळांमध्ये, जिथं प्रयोगशाळा होत्या, वेळ होता, वर्गात मुलं कमी होती. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांनी हीच पद्धत महापालिकेच्या शाळांमध्ये आणली. तिथं ना ती साधनं, ना तो वेळ. म्हणजे साधनं स्वस्त करावी लागली, प्रयोग बदलावे लागले आणि मुख्य म्हणजे शिक्षकांबरोबर बसावं लागलं.

याच संस्थेतून बाहेर पडलेले अनिल सद्गोपाल आणि त्यांची किशोर भारती ही संस्था, शिवाय रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर, यांनी १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आताचं नर्मदापुरम) १६ माध्यमिक शाळांत काम सुरू केलं. सहावी ते आठवीचे वर्ग. हाच तो होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये तो चालवण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली.

विदर्भातल्या वाचकांनी नकाशा समोर ठेवून एक गोष्ट लक्षात घ्यावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत होशंगाबाद आणि आपला वऱ्हाड एकाच राज्यात होते. राजधानी नागपूर. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ही फाटाफूट होऊन जेमतेम सोळा वर्षं झाली होती. १९५६ च्या आधी नोकरीला लागलेले तिथले आणि इथले शिक्षक एकाच खात्याच्या नियमांखाली शिकवत होते. आज आपण 'महाराष्ट्रातला विज्ञानप्रसार' आणि 'मध्य प्रदेशातला विज्ञानप्रसार' असे दोन वेगळे प्रबंध लिहितो, ती सोय आपली आहे. शिक्षकांच्या आयुष्यात ती सीमा मध्येच केव्हातरी येऊन पडली.

होशंगाबादमध्ये वेगळं काय होतं? प्रशिक्षणात शिक्षक विद्यार्थ्यांच्या जागी बसत. चार-चारांचे गट, समोर साहित्य, प्रयोग स्वतः करायचे, उत्तर आधी सांगायचं नाही. शिकवायला कधी विद्यापीठातले प्राध्यापक, कधी संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ. पण नुसतं एवढंच असतं तर ते एक चांगलं शिबिर झालं असतं, बस. खरी कमाल पुढे आहे. वर्ग सुरू झाल्यावर मंडळी शाळेत जाऊन बघत, त्याला ते 'अनुवर्तन' म्हणत. दर महिन्याला शिक्षकांची गोष्ठी होई. प्रयोग फसला, मुलांनी भलताच प्रश्न विचारला, पुस्तकातली सूचना कळली नाही, हे सगळं तिथं मांडलं जाई आणि त्यातून 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत बदल होत. मुलांसाठी 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं, त्याच्या नावानं मुलं पत्रं पाठवत आणि त्यांना उत्तरं जात. हळूहळू शिक्षकांमधूनच 'स्रोत शिक्षक' तयार झाले. म्हणजे काल टेबलासमोर बसलेला माणूस आज टेबलामागे उभा राहिला.

संशोधक म्हणून मला यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटत असेल, तर परतीचा कागद. गोष्ठीच्या नोंदी, अनुवर्तनाचे अहवाल, मुलांची पत्रं. केंद्राकडून शाळेकडे जाणारे कागद प्रत्येक योजनेत असतात, ढिगानं असतात. शाळेकडून केंद्राकडे येणारे कागद, आणि तेही तक्रार किंवा प्रश्न घेऊन येणारे, फार दुर्मिळ.

जगात इतरत्र हा प्रश्न दुसऱ्या बाजूनं सोडवला गेला. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६९ साली फ्रँक ओपनहायमरनं 'एक्सप्लोरेटोरियम' सुरू केलं. हा अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचा धाकटा भाऊ, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. राजकीय चौकशीत नोकरी गेली, मग त्यानं कोलोरॅडोत गुरं पाळली, तिथल्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. त्याच्या केंद्रात प्रयोगांजवळ तज्ज्ञ उभे नव्हते. हायस्कूलमध्ये शिकणारी मुलंमुली पगार देऊन नेमली होती, त्यांना 'एक्सप्लेनर' म्हणत. सगळं माहीत असलेला माणूस लगेच उत्तर देऊन मोकळा होतो. अर्धवट माहीत असलेला मुलगा मात्र समोरच्याबरोबर पुन्हा करून बघतो. नेमणुकीमागचा विचार मी असा वाचते. आपल्याकडच्या प्रदर्शनांतही स्टॉलवर विद्यार्थीच उभे असतात, पण त्यांच्याकडून पाठ केलेलं भाषण म्हणवून घेतलं जातं. माणूस तोच, काम उलटं.

होशंगाबादच्या कामातून एक वस्तू मात्र सगळीकडे पसरली. पुण्याच्या टेल्कोत काम करणारे अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते १९७८ मध्ये रजा काढून तिथं गेले. गावच्या आठवडी बाजारात सायकलच्या वॉल्व्हची रबरी नळी मिळाली. तिचा छोटा तुकडा घेऊन दोन्ही बाजूंनी आगकाड्या खुपसल्या की वाकणारा सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण, चार काड्यांचा चौकोन. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. पूल, विजेचे मनोरे, घराची कैची यांत त्रिकोण का दिसतात ते मुलाला बोटांनी कळतं. पुढे गुप्ता पुण्याच्या आयुकामध्ये आले. जयंत नारळीकरांच्या पुढाकारातून आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिथं मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली होती, तिच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. तिथून ही आगकाडी-नळी महाराष्ट्रभरच्या शिक्षक मेळाव्यांमध्ये पोचली.

मी स्वतः तिच्यासोबत उभी राहिले ती केनवडला. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं गाव. मेळावा आसपासच्या शाळांतल्या विज्ञान शिक्षकांचा होता आणि मला एका संस्थेच्या टेबलावर दिवसभराची ड्युटी होती. टेबलावर तीन गोष्टी : आगकाड्यांचे सांधे, एक साधा सूक्ष्मदर्शक आणि काळ्या दगडाचे तुकडे. दगड म्हणजे आपला नेहमीचा बेसाल्ट. लोणार तिथून फार लांब नाही आणि लोणारचं विवर उल्कापातानं झालं हे १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या लेखातून पक्कं झालं ते याच दगडाच्या पुराव्यावर, आघातानं बदललेले खनिज आणि काच सापडल्यामुळे. गिट्टी म्हणून रोज पाहिलेला दगड शिक्षकांनी पहिल्यांदाच भिंगाखाली धरला असावा, असं त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटलं.

पहिले दोन तास जे सगळीकडे होतं तेच झालं. बॅनरसह फोटो, "पीडीएफ आहे का", "प्रमाणपत्र कुठं मिळते". यात मी शिक्षकांना बोल लावत नाही, त्यांना गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. जेवणानंतर एक वयस्कर गुरुजी आले, सांधा हातात फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, हे पोट्ट्यायले करू देता येते का? पन हे वॉल्व्हची नळी आता भेटत नाही दुकानात."

मग जे सुरू झालं ते मला शिकवणारं होतं. कुणी म्हणालं सलाईनची नळी वापरू. ती जाड, काडी सैल बसते. दुसऱ्या शिक्षकांनी सुचवलं, मोटारपंपाच्या वायरचं वरचं साल घ्या, आतली तार ओढून काढायची. तसा तुकडा कुणाच्या तरी गाडीच्या डिक्कीत निघाला (शेती करणाऱ्या शिक्षकाच्या डिक्कीत काय निघणार नाही!). काड्या घट्ट बसल्या. चौकोन केला, दाबला, तर तो कलंडेचना. वायरचं साल कडक, सांधा नीट वाकत नाही. म्हणजे त्रिकोण आणि चौकोन यातला फरकच दिसेना. गुरुजी म्हणाले, "मंग त प्रयोगच गेला." एक मॅडम चहाच्या टेबलावरून पेल्यात गरम पाणी घेऊन आल्या, साल त्यात टाकलं. मऊ झालं, चौकोन कलंडला. थंड झाल्यावर पुन्हा ताठर. मग चर्चा वेगळीच लागली : म्हणजे चौकोनाचा कमकुवतपणा सांध्यात असतो की आकारात? सांधा पक्का केला तर चौकोनही उभा राहतो, मग खिडकीची चौकट कशी उभी राहते?

हा प्रश्न पुस्तकात नाही. वेल्डिंग केलेला सांधा आणि खिळीवर फिरणारा सांधा यांतला फरक अभियांत्रिकीच्या वर्गात येतो. इथं तो वॉल्व्हची नळी बाजारातून गेल्यामुळे आला. अर्धा तास चाललेल्या या गप्पांची अहवालात कुठं नोंद असेल तर ती इतकीच, की टेबलाला शिक्षकांनी भेट दिली. मी मात्र त्या रात्री वहीत सगळं लिहून काढलं, कोण कुठं उभं होतं इथपासून. क्षेत्रनोंद त्याच दिवशी लिहा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच जोडेन की वस्तूचीही नोंद करा. नळी रबराची की वायरची, याच्यावर संवाद कुठं जाणार ते ठरलं.

नोंदीचा एवढा आग्रह का, त्याचं उत्तर होशंगाबादच्या शेवटात आहे. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं कार्यक्रम बंद केला. तोपर्यंत तो हजाराच्या आसपास शाळांत पोचला होता, तीस वर्षं चालला होता. जिल्हा नियोजन समितीत ठराव झाला, पुढच्या परीक्षांत मुलं मागे पडतात अशी तक्रार पुढे आली आणि शाळांना राज्याच्या नेहमीच्या पुस्तकांकडे परत जायला सांगितलं गेलं. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. निर्णयाच्या टेबलावर चालले ते टक्के. मुलगा प्रश्न कसा विचारतो, शिक्षक चुकीच्या सूचनेला हरकत घेतो का, हे मोजून दाखवायला कागद असूनही त्यांना पुराव्याचं वजन मिळालं नाही. मला हा प्रसंग विज्ञान शिक्षणापेक्षा पुराव्याच्या राजकारणाचा वाटतो. तुमचा विषय शेती असो, आरोग्य असो की साहित्य, हा प्रश्न कधीतरी समोर येणारच : कोणत्या नोंदीला पुरावा म्हणायचं, हे कोण ठरवतं?

मोजता येणाऱ्या गोष्टींना मी कमी लेखते असं समजू नका. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ ची. तिथल्या वि. गो. कुलकर्णी आणि गंभीर यांनी १९८१ मध्ये भाषेच्या अडथळ्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. विज्ञानाच्या पुस्तकाची नुसती भाषा सोपी केली, आशय तोच ठेवला, तरी मुलांना फायदा झाल्याचं त्यात दिसलं. 'कलंडतो' ऐवजी 'आकारात विरूपण होते' असं लिहिल्यानं कोण बाहेर राहतं, हे स्टॉलवर दिवसभर ऐकू येतंच. त्यांनी ते मोजून दाखवलं. पण मोजायचं काय, हे सुचायला आधी कुणीतरी वर्गात बसून मुलांचं बोलणं ऐकलेलं असावं लागतं.

आता कामाचं. असा विषय घेणार असाल तर कागद कुठं सापडतील? वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीचं जिल्हा परिषदेचं दप्तर अकोल्याचं. १९५६ च्या आधीचं शिक्षण खातं नागपूरचं. म्हणजे केनवडच्या एका शाळेचा शंभर वर्षांचा माग काढायचा तर तीन शहरांच्या फेऱ्या आल्या, एसटीचा खर्च प्रस्तावात धरा. शाळेत गेलात तर डेडस्टॉक रजिस्टर, लॉगबुक आणि शेरेबुक मागा. मेळाव्यांसाठी अहवालापेक्षा प्रवासभत्त्याची बिलं उपयोगी पडतात. अहवालात 'तज्ज्ञ मार्गदर्शक' एवढंच असतं, बिलावर नाव, गाव, तारीख आणि सही असते. टेबलामागच्या माणसाची सही मला आजवर सापडली ती अशाच बिलांवर.

आणि निवृत्त शिक्षकांच्या मुलाखती आधी घ्या, दप्तर नंतर बघा. सत्तरच्या दशकात पंचविशीत असलेले गुरुजी आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांना "तो कार्यक्रम कसा होता?" असं विचारू नका, उत्तर भाषणासारखं येतं. काड्या, नळी, भिंग, जे काही त्या काळचं मिळेल ते सोबत न्या आणि त्यांच्या हातात द्या. रेकॉर्डर त्याआधी चालू केलेला असू द्या, परवानगी घेऊन.